एका चुकलेल्या गणिताचा धनी : लुइस फ्राय रिचर्डसन

गेल्या वर्षी ईदच्या सुटीत आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी घरी भेटीस आला. शाळेत असताना अधिक-उण्याच्या चुका करून त्याने माझे पुष्कळ रक्त आटवले होते. आता तो चांगला अभियंता झाला असून बॅटरी कशी तापते याचे गणित संगणकावर मांडतो. बॅटरीतून वीज वाहते म्हणून ती तापते, तापली म्हणजे आतील रासायनिक क्रिया बदलते, आणि क्रिया बदलली की विजेचा प्रवाह बदलतो. वीज, उष्णता आणि रसायन अशी तीन शास्त्रे एकमेकांत गुंतलेली असतात. एकीचे उत्तर दुसरीवाचून मिळत नाही. अशा गुंतलेल्या गणितांना हल्ली ‘मल्टिफिजिक्स’ म्हणतात. ती सोडविण्याच्या रीतींची एक यादी त्याने मला पडद्यावर दाखविली. त्यात एका रीतीचे नाव होते रिचर्डसन. हे गृहस्थ कोण, हे त्याला सांगता येईना.

मी कला शाखेचा पदवीधर. गणित मी शाळेत शिकवता शिकवताच शिकलो. परंतु माणसांची चरित्रे धुंडाळण्याची मला खोड आहे. त्या यादीतील एका नावामागे जाता जाता जे हाती आले ते विद्यार्थी मित्रांपुढे आणि पालकांपुढे ठेवीत आहे.

लुइस फ्राय रिचर्डसन यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८८१ रोजी इंग्लंडच्या उत्तरेकडील न्यूकॅसल या गावी झाला. वडिलांचा कातडी कमावण्याचा व्यवसाय होता. सात भावंडांत लुइस सर्वांत धाकटा. घराणे क्वेकर पंथाचे. या पंथात शस्त्र हाती न धरणे हा धर्माचाच भाग मानला जातो, आणि पुढे रिचर्डसन यांच्या आयुष्यातील प्रत्येक मोठे वळण या एका गोष्टीपाशी येऊन थांबते. यॉर्क येथील बूथम शाळेत आणि न्यूकॅसलच्या विज्ञान महाविद्यालयात शिकून ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेले व १९०३ साली नैसर्गिक विज्ञानात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले.

यानंतरची दहा वर्षे त्यांनी एके ठिकाणी बूड टेकले नाही. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा, वेल्समधील एक महाविद्यालय, पीट काढणारी एक कंपनी, पुन्हा प्रयोगशाळा, मग विजेच्या दिव्यांचा कारखाना, मग मँचेस्टर. एखाद्या वडीलधाऱ्याने या मुलाचे काही खरे नाही असेच म्हटले असते. पण त्या पीटच्या कंपनीतच त्यांना त्यांचे गणित सापडले. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे कुजून साठलेला वनस्पतींचा थर; वाळवला की जळण होते. तो वाळावा म्हणून दलदलीत चर खणून पाणी काढून टाकावे लागते. चर किती खोल आणि किती अंतरावर खणावेत, हा रिचर्डसन यांच्यापुढील प्रश्न होता. पाण्याच्या झिरपण्याचे समीकरण पुस्तकात होते, पण पुस्तकी रीतीने ते फक्त सरळ, सुबक आकारांसाठी सुटत असे. खरी दलदल वेडीवाकडी असते.

तेव्हा त्यांनी निराळी वाट धरली. जागेवर चौकटींची जाळी आखायची, प्रत्येक गाठीवर एक आकडा अंदाजाने लिहायचा, आणि शेजारच्या आकड्यांशी तो जुळतो का ते पाहायचे. जुळत नसेल तर जी तूट उरते तिचा काही हिस्सा त्या आकड्यात घालायचा. मग पुन्हा पहिल्या गाठीपासून सुरुवात. अशा फेऱ्या करीत गेले की तूट आटत जाते. हिस्सा किती घ्यायचा हे प्रत्येक फेरीत बदलावे, म्हणजे तूट लवकर आटते, हेही त्यांनी शोधून काढले. यादीत आहे ती रिचर्डसन रीत हीच.

या रीतीने त्यांनी दगडी धरणाच्या भिंतीत ताण कसे पसरतात याचे गणित करून १९१० साली रॉयल सोसायटीपुढे ठेवले. त्या काळी ‘कॉम्प्युटर’ म्हणजे आकडेमोड करणारा माणूस. रिचर्डसन यांनी या कामास मुले लावली होती. मजुरी कामावर. तीन अंकी संख्या असेल तर दर गाठीमागे पेनीचा सहावा भाग, अंक वाढले की मजुरीही त्याच प्रमाणात वाढे. सर्वांत चलाख मुलगा आठवड्याला दोन हजार गाठी करी आणि चुकलेल्या गाठी त्यातून वजा होत. मुलांना मुख्य अडचण कशाची येई, हेही रिचर्डसन यांनी त्या निबंधात नमूद करून ठेवले आहे. अडचण होती अधिक-उणे चिन्हांची! हे वाचले त्या दिवसापासून आमच्या आठवीच्या वर्गावर मी थोडा कमी रागावतो.

एवढे करून पदरात काय पडले? याच कामावर त्यांनी आपल्या महाविद्यालयाकडे फेलोशिप मागितली होती, ती मिळाली नाही. जवळपासचे उत्तर देणारे गणित म्हणजे कमअस्सल गणित, अशी तेव्हाच्या थोरांची समजूत होती.

या रीतीत एक दोष मात्र खरोखर आहे. तो कळावा म्हणून दहावीच्या मुलांनी वहीत करून पाहावे असे एक लहान उदाहरण देतो :

१०००क्ष + य = १००१
क्ष + २य = ३

उत्तर तोंडी येते : क्ष = १, य = १. पण हे तूट घालण्याच्या रीतीने सोडवून पाहा. पहिल्या समीकरणात हजार हा मोठा आकडा असल्यामुळे तुटीचा हिस्सा पाचशेव्या भागाहून लहान घ्यावा लागतो, नाहीतर क्ष उधळतो. आणि एवढा लहान हिस्सा घेतला की य बिचारा मुंगीच्या पावलाने सरकतो. शून्यापासून आरंभ केल्यास य चे उत्तर तीन दशांश स्थळांपर्यंत खरे यायला दोन हजारांच्या आसपास फेऱ्या लागतात. आता आधी एवढेच करा : पहिल्या समीकरणाला १००० ने भागा, दुसऱ्याला २ ने भागा, आणि नंतर तीच रीत लावा, पूर्ण तूट घालून. पहिल्या फेरीत क्ष १.००१ व य १.५ येतो, दुसऱ्या फेरीत दोन्ही ०.९९९५, आणि तिसऱ्या फेरीत य १.०००२५. दोन हजारांचे काम तीन फेऱ्यांत.

गणित तेच, उत्तर तेच, फक्त सुरुवातीला समीकरणांची मशागत केली. शेतकरी पेरणीपूर्वी नांगरट करतो, ढेकळे फोडतो, कुळव फिरवतो, तसेच हे आहे. या मशागतीच्या साधनाला इंग्रजीत ‘प्रीकंडिशनर’ म्हणतात. येथे दोनच समीकरणे होती, म्हणून भागाकाराने भागले. बॅटरीच्या किंवा हवामानाच्या गणितात लाखो-कोटी समीकरणे असतात, त्यातील काही उष्णतेची, काही प्रवाहाची, काही रसायनाची. तेथे मशागत नीट झाली नाही तर मोठ्यातला मोठा संगणकही दिवसेंदिवस फेऱ्या मारीत बसतो.

१९१३ साली रिचर्डसन हवामान खात्यात लागले व स्कॉटलंडमधील एस्कडेलमुअर या एकाकी, पावसाळी वेधशाळेचे प्रमुख झाले. तेथे त्यांनी मनाशी ठरविले की दलदलीला आणि धरणाला लावलेली रीत वाऱ्यालाही लावायची. आजची हवा आकड्यांत मांडायची आणि उद्याची हवा गणिताने काढायची. वारा, दाब, उष्णता, बाष्प, ऊन, जमिनीची ओल, एवढेच काय पण झाडांच्या पानांतून उडणारे पाणीसुद्धा त्यांनी हिशेबात घेतले. ‘मल्टिफिजिक्स’ हा शब्द जन्माला येण्यापूर्वी कितीतरी वर्षे या माणसाने कागद-पेन्सिल घेऊन ते गणित मांडले होते.

तोच पहिले महायुद्ध सुरू झाले. लढाईत उतरणे धर्माला मान्य नाही, आणि माणसे मरत असता स्वस्थ बसणे मनाला मान्य नाही. १९१६ साली वेधशाळेची नोकरी सोडून ते क्वेकरांच्या रुग्णवाहिका पथकात दाखल झाले व फ्रान्समध्ये फ्रेंच सैन्याच्या जखमी शिपायांना आघाडीवरून मागे आणण्याचे काम १९१९ पर्यंत करीत राहिले. कामातून सुटका मिळाली की थंड, ओलसर निवाऱ्यात गवताच्या गंजीवर बसून गणित चाले. २० मे १९१० या दिवशी युरोपभर बलून सोडून हवेची निरीक्षणे घेतलेली होती. त्या सकाळी सात वाजताचे आकडे घेऊन जर्मनीत पुढील सहा तासांत हवेचा दाब किती बदलला असेल, ते त्यांनी काढायला घेतले. गणनेचे तक्ते आखून दोन जागांचे उत्तर काढायला सहा आठवड्यांच्या आसपास वेळ गेला. १९१७ च्या वसंतात लढाईच्या धामधुमीत हस्तलिखित मागच्या छावणीकडे पाठविले, ते वाटेत हरवले. काही महिन्यांनी ते बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले.

आणि उत्तर? उत्तर आले की सहा तासांत दाब १४५ मिलिबारने वाढेल. ज्यांना हा आकडा अपरिचित आहे त्यांच्यासाठी सांगतो : समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१३ मिलिबार असतो, आणि मोठ्या चक्रीवादळातसुद्धा सहा तासांत एवढा फरक पडत नाही. प्रत्यक्षात त्या दिवशी तेथे दाब जवळजवळ स्थिर होता. म्हणजे आयुष्यातले सर्वांत मोठे गणित साफ चुकले.

विद्यार्थी मित्रांनो, अशा वेळी आपण काय करतो? पान फाडतो, किंवा मागे उत्तर पाहून मधल्या पायऱ्या जुळवून घेतो. (शिक्षकांनाही हा मोह होतो. फळ्यावर उत्तर चुकले की डस्टर फिरवायचा आणि तास संपल्याचे दाखवायचे, हे मीसुद्धा केले आहे.) रिचर्डसन यांनी १९२२ साली ते चुकलेले उत्तर जसेच्या तसे, सर्व पायऱ्यांसह, केंब्रिज विद्यापीठाच्या छापखान्यातून प्रसिद्ध केले. ‘वेदर प्रेडिक्शन बाय न्यूमेरिकल प्रोसेस’ हे त्या ग्रंथाचे नाव. उत्तर चुकल्याचे त्यांनी त्यात स्वतःच लिहिले, वाऱ्याच्या मूळ नोंदींवर संशय व्यक्त केला, आणि आरंभीचे आकडे आधी गुळगुळीत करून घ्यावेत असेही सुचविले. साडेसातशे प्रती छापल्या होत्या, त्या खपायला कित्येक वर्षे लागली.

त्या ग्रंथातील मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे गणनेचे तक्ते. एकूण तेवीस कोरे तक्ते त्यांनी आखले आणि ते वेगळे छापूनही घेतले, पुढच्या माणसाला वापरता यावेत म्हणून. उन्हाच्या उष्णतेचा तक्ता निराळा, बाष्पीभवनाचा निराळा, वाऱ्याचा निराळा. एका तक्त्याचे उत्तर दुसऱ्या तक्त्यात ठरलेल्या घरात जाऊन बसते. उद्या कोणी बाष्पीभवन मोजण्याची अधिक चांगली रीत काढली तर तेवढा एक तक्ता बदलायचा. बाकीच्यांना हात लावायचे कारण नाही, फक्त ठरलेल्या घरात ठरलेला आकडा आला म्हणजे झाले.

आमचा तो विद्यार्थी हेच समजावीत होता, फक्त तो ‘सॉफ्टवेअर’ म्हणत होता. गुंतलेल्या गणितात सर्वांना एकच मशागत चालत नाही. उष्णतेच्या पसरण्याला एक रीत मानवते : आधी मोठ्या चौकटींच्या जाळीवर ढोबळ उत्तर काढायचे, मग बारीक जाळीवर उतरायचे. प्रवाहातील दाब आणि वेग यांना ती जशीच्या तशी चालत नाही. आणि प्रत्येकाची मशागत सुटी सुटी करून त्यांच्यातील गुंता अजिबात विसरलो, तर गुंता घट्ट असेल तेथे फसगत होते. कोणती जोडी कोठे लागू पडेल हे आधी सांगता येत नाही, लावून पाहावे लागते. म्हणून चांगल्या सॉफ्टवेअरची रचनाच अशी करतात की पदार्थविज्ञानाचे मूळ गणित एकीकडे आणि मशागतीचे भाग दुसरीकडे. एक भाग काढून दुसरा बसवता यावा, भागाच्या पोटात आणखी भाग बसवता यावा, आणि त्यासाठी सारा प्रोग्राम पुन्हा लिहावा लागू नये. शिकागोजवळील अर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९९१ साली सुरू झालेला ‘पेट्सी’ हा सॉफ्टवेअरचा संग्रह या पद्धतीचा आहे. त्यात प्रोग्राम चालू करताना एक शब्द बदलला की रीत बदलते. त्याने माझ्यासमोर तसे करून दाखविले. पहिल्या खेपेला फेऱ्यांचे आकडे पडद्यावर नुसते धावत राहिले आणि आमचा चहा निवाला. शब्द बदलल्यावर गणित काही क्षणांत थांबले.

रिचर्डसन यांनी तर माणसांचाच एक प्रचंड संगणक कल्पिला होता. नाट्यगृहासारखे विशाल दालन, भिंतींवर पृथ्वीचा नकाशा, आणि ज्याच्या त्याच्या प्रदेशापाशी बसून आपापल्या वाट्याचे एकच समीकरण सोडविणारे ६४,००० गणक. मधोमध उंच आसनावर एक प्रमुख. जो भाग पुढे पळतो त्यावर तो गुलाबी प्रकाश टाकतो, जो मागे रेंगाळतो त्यावर निळा. आज हजारो प्रोसेसर एकत्र काम करतात तेव्हा कोणी पुढे-मागे होऊ नये ही काळजी अशीच घ्यावी लागते.

१९१९ मध्ये ते हवामान खात्यात परतले होते. १९२० साली ते खाते हवाई दलाच्या मंत्रालयाखाली गेले. रिचर्डसन यांनी राजीनामा दिला. घरात पत्नी डोरोथी होत्या, दत्तक मुले होती, आणि लढाईस नकार दिलेल्या माणसाला विद्यापीठांची दारे सहज उघडत नव्हती. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ट्रेनिंग कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवू लागले. हे शिक्षक तयार करणारे महाविद्यालय, आपल्याकडच्या डी.एड., बी.एड. कॉलेजासारखे. १९२६ साली रॉयल सोसायटीचे सभासदत्व मिळाले, तेव्हाही ते तेथेच शिकवीत होते. शिकवता शिकवता, वयाची पन्नाशी जवळ आली असता, त्यांनी परीक्षेला बसून १९२९ साली मानसशास्त्राची पदवी घेतली. त्याच वर्षी ते स्कॉटलंडमधील पेझली येथील टेक्निकल कॉलेजचे प्राचार्य झाले.

हवेतील खळबळीवरचे त्यांचे संशोधन विषारी वायूवाल्यांच्या उपयोगी पडू पाहत आहे असे कळल्यावर त्यांनी ते बंद केले आणि अप्रसिद्ध कागद नष्ट केले, असे त्यांच्या पत्नीने सांगितले आहे. हा निर्णय मला अजून पुरता पटलेला नाही. जो माणूस चुकलेले उत्तर जपून छापतो, त्याने बरोबर आलेले कागद नष्ट करावेत! परंतु तीन वर्षे जखमींना वाहून नेलेल्या माणसाशी या बाबतीत वाद घालायला माझी जीभ रेटत नाही.

पुढचे आयुष्य युद्धे का होतात याच्या गणितात गेले. दोन राष्ट्रे एकमेकांकडे पाहून शस्त्रे वाढवीत जातात, याचीही त्यांनी एकमेकांत गुंतलेली दोन समीकरणे मांडली होती. १९४० साली प्राचार्यपदावरून ते निवृत्त झाले ते याच कामासाठी. युद्धांचा आणि सरहद्दींचा काही संबंध आहे का हे पाहताना त्यांना आढळले की स्पेन-पोर्तुगाल सरहद्दीची लांबी एके ठिकाणी ९८७ किलोमीटर दिली आहे तर दुसरीकडे १२१४. मोजपट्टी जितकी लहान तितकी वाकडी रेषा लांब भरते. या निरीक्षणाचा धागा १९६७ साली मँडेलब्रॉट यांनी उचलला, तो विषय मोठा आहे, पुन्हा केव्हातरी.

१९५० साली अमेरिकेत एनिअॅक या इलेक्ट्रॉनिक संगणकावर चार्नी, फ्यॉर्टॉफ्ट आणि फॉन नॉयमन यांनी हवेचे भाकीत गणिताने काढून दाखविले. चोवीस तासांच्या भाकिताला संगणकाचे जवळपास चोवीस तासच लागले. चार्नी यांनी ते काम रिचर्डसन यांना पाठविले. म्हाताऱ्याने अभिनंदनाचे उत्तर लिहिले, आणि आपल्या त्या एकुलत्या एक चुकलेल्या भाकितापेक्षा हे फार पुढचे पाऊल आहे असे मोकळेपणाने कळविले. ३० सप्टेंबर १९५३ रोजी स्कॉटलंडमधील किलमन या गावी झोपेतच त्यांचे निधन झाले. आज पुण्याच्या पाषाण भागातील उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत २०२४ साली बसविलेला ‘अर्का’ हा महासंगणक मान्सूनची अशीच गणिते करतो, आणि कोकणातील आपले नाखवा बंधू होडी लोटण्यापूर्वी मोबाईलवर जे भाकीत पाहतात त्यामागेही हेच गणित असते.

त्या १४५ मिलिबारांचे काय झाले, ते सांगायचे राहिले. डब्लिनचे प्राध्यापक पीटर लिंच यांनी रिचर्डसन यांच्या ग्रंथातील तेच आकडे आणि तेच तक्ते घेऊन सारे गणित संगणकावर पुन्हा केले व २००६ साली त्यावर ग्रंथ लिहिला. प्रथम उत्तर पुन्हा १४५ च्या आसपासच आले. म्हणजे गवतावर बसून केलेल्या आकडेमोडीत दोष नव्हता. दोष होता आरंभीच्या आकड्यांत. बलूनने मोजलेला वारा आणि दाब यांचा आपसात मेळ बसत नव्हता, आणि त्या बारीक विसंगतीने पुढचे सारे उत्तर गिळले होते. ही मशागत समीकरणांची नव्हे, आकड्यांची. गणिती लोक या दोन गोष्टी निराळ्या मानतात आणि ते बरोबरच आहे. लिंच यांनी ते आकडे आधी गुळगुळीत करून घेतले आणि मग रिचर्डसन यांच्याच तक्त्यांतून गणित चालविले. उत्तर आले की सहा तासांत दाब जवळजवळ बदलणार नाही. २० मे १९१० च्या सकाळी जर्मनीत तसेच घडले होते.